चालत्या गाडीची ‘वीज’ अचानक का जाते? लाखोंची गाडी एका छोट्या बॅटरीपाशी का अडते?

सकाळी ऑफिसला निघायची वेळ. रिमोटचं बटण दाबलं, पण दार काही उघडलं नाही. चावी लावून दार उघडलं तर आत डॅशबोर्ड काळाकुट्ट. हॉर्न नाही, दिवे नाहीत, सेल्फही घेत नाही. आदल्या रात्री हीच गाडी ठणठणीत घरी आली होती. शेजारपाजारचे जमतात आणि दोन मिनिटांत निदान होतं: ‘बॅटरी बसली.’

बऱ्याचदा हे निदान बरोबर निघतं. पण कधीकधी पाच-सात हजारांची नवी बॅटरी टाकूनही आठवडाभरात गाडी पुन्हा त्याच जागी उभी राहते. कधी तर बिघाड बॅटरीत नसतोच, तो गाडी बनवतानाच राहून गेलेला असतो. गेल्या काही वर्षांत जगभरात लाखो इलेक्ट्रिक गाड्या ज्या कारणासाठी परत बोलावल्या गेल्या, तेही शेवटी याच छोट्या, बारा व्होल्टच्या बॅटरीशी येऊन थांबतं.

गाडीची वीज अचानक जाते म्हणजे नेमकं काय होतं? बिघाड कुठून शोधायला सुरुवात करावी? आणि चूक मालकाची नसेल तर दाद कुठे मागायची? समजून घेऊया.

आधी पाहूया, नेमकं काय घडलं?

मार्च २०२४ मध्ये ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी दक्षिण कोरियात सुमारे १ लाख ७० हजार इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्याच महिन्यात अमेरिकेत ह्युंदाईने ९८ हजारांहून जास्त, तर कियाने ४८ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. भारतातही २०२४ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ या मॉडेलच्या १,७४४ आणि कियाने ईव्ही६ च्या १,१३८ गाड्यांसाठी हेच पाऊल उचललं.

दोष होता ‘आयसीसीयू’ नावाच्या एका यंत्रणेत. इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीतली वीज कमी दाबावर आणून छोटी बॅटरी चार्ज करणं, हे या यंत्रणेचं एक काम. ती बिघडली की छोटी बॅटरी चार्ज होणं थांबतं. आधी डॅशबोर्डवर सूचना येते, गाडीची ताकद कमी होत जाते आणि शेवटी चालती गाडी थांबते. मोठ्या बॅटरीत शेकडो किलोमीटर पुरेल एवढी वीज शिल्लक असली, तरी तिचा उपयोग होत नाही.

प्रकरण इथे संपलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ह्युंदाईला पुन्हा १ लाख ४५ हजारांहून जास्त गाड्या बोलवाव्या लागल्या. पहिल्या वेळी दुरुस्त झालेल्या गाड्यांनाही पुन्हा यावं लागलं. भारतात कियाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ईव्ही६ च्या १,३८० गाड्या याच यंत्रणेच्या सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या.

मोठी बॅटरी असताना छोटी कशाला?

पेट्रोल असो, डिझेल असो की इलेक्ट्रिक, आजच्या जवळपास प्रत्येक कारमध्ये बारा व्होल्टची एक बॅटरी असते. दिवे, वायपर, दारांची लॉक, काचा, एअरबॅगचा कॉम्प्युटर, स्टिअरिंग हलकं करणारी मोटर हे सगळं तिच्यावर चालतं. इलेक्ट्रिक गाडीत मोठ्या बॅटरीचा प्रवाह सुरू करणारे जाडजूड स्विच असतात. ते चालू ठेवायलाही हीच बॅटरी लागते. म्हणून छोटी बॅटरी झोपली की मोठी असून नसल्यासारखी.

पेट्रोल-डिझेल गाडीत ही बॅटरी इंजिन सुरू होताना मोठा झटका देते. इंजिन चालू झालं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर काम हातात घेतो. जुने मेकॅनिक त्याला अजूनही डायनामोच म्हणतात. तो गाडीला वीज पुरवतो आणि बॅटरीही भरत राहतो. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो. तिथे हे काम आयसीसीयूसारखा भाग करतो.

म्हणजे साखळी अशी: वीज तयार करणारा भाग, ती साठवणारी बॅटरी, ती पोहोचवणाऱ्या वायरी आणि फ्यूज, आणि परतीचा रस्ता, म्हणजे अर्थिंग. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीच्या वायरीचं काम करतो. यातली एक कडी सुटली तरी बाहेरून दिसणारं चित्र एकच असतं: ‘गाडी बंद’. म्हणून बॅटरी बदलण्याआधी कुठली कडी सुटली, हे शोधणं गरजेचं असतं.

बिघाड शोधायचा कुठून?

लक्षणांवरून बरंच कळतं. अनुभवी कार इलेक्ट्रिशियन बोनेट उघडण्याआधी प्रश्न विचारतात ते यासाठीच.

*सगळंच एकदम बंद:* दिवा नाही, हॉर्न नाही, काहीच नाही. अशा वेळी सगळ्यात आधी बॅटरीची टर्मिनल पाहावीत. हाताने हलवल्यावर टर्मिनल फिरत असेल तर ते सैल आहे. त्यावर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर वीज अडते. टर्मिनल साफ करून घट्ट बसवल्यावर गाडी लगेच सुरू होते, असं अनेकदा घडतं. त्यानंतर बॅटरी, मुख्य फ्यूज आणि बॅटरीकडून सांगाड्याला जाणारी अर्थिंगची वायर, या क्रमाने पुढे जावं.

*दिवे लागतात, पण सेल्फ घेत नाही:* बटण दाबल्यावर ‘टिक-टिक-टिक’ असा भराभर आवाज आला आणि दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोडणी खराब आहे. दिवे लख्ख राहिले आणि एकदाच ‘टक’ वाजलं, तर संशय स्टार्टर मोटरवर. काहीच आवाज नसेल तर आधी साधी गोष्ट तपासावी. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे का? क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबलाय का? रिमोटमधला सेल संपलाय का? बटणावर सुरू होणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये सेल संपला तरी रिमोट ठरावीक जागी टेकवून गाडी सुरू करण्याची सोय असते. ती जागा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

*जंप स्टार्ट केल्यावर चालते, थोड्या वेळाने पुन्हा बंद:* इथे बॅटरीपेक्षा अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा त्याची वायर तपासायला हवी. गाडी चालू असताना डॅशबोर्डवर लाल बॅटरीचं चिन्ह पेटलं असेल, तर त्याचा अर्थ ‘बॅटरी खराब’ असा नसतो. ‘बॅटरी भरली जात नाहीये’ असा असतो.

*दोन-चार दिवस उभी राहिली की उतरते:* गाडी बंद असतानाही काहीतरी वीज खातंय. डिकीतला दिवा, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम हे नेहमीचे संशयित. घड्याळ आणि सुरक्षा यंत्रणेसाठी बंद गाडीही थोडी वीज घेतेच. साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंत ते चालण्यासारखं असतं. त्याच्या कितीतरी पट वीज जात असेल तर गळती आहे.

*भलतंच काहीतरी होतं:* इंडिकेटर दिला की दुसराच दिवा मिणमिणतो, डॅशबोर्डवर एकाच वेळी पाच-सहा सूचना पेटतात, काटे नाचतात. अशा वेळी एकेक भाग बदलत बसण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावं. परतीचा रस्ता बंद झाला की वीज आडवाट शोधते आणि नको तिथे जाऊन पोहोचते. पावसाळ्यात बोनेटखाली उबेला येणारे उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हाही लक्षणं अशीच विचित्र दिसतात.

*एकच वस्तू बंद:* फक्त हॉर्न किंवा फक्त काचा बंद असतील तर आधी फ्यूज पाहावा. कोणता फ्यूज कशाचा, हे फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं.

मल्टिमीटर काय सांगतो?

काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर अनेक वाद मिटवतो. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर नेहमीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२ किंवा त्याखाली म्हणजे उतरलेली.

मग इंजिन सुरू करून पुन्हा मोजावं. आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान गेला तर अल्टरनेटर काम करतोय. तो १२ च्या आसपासच रेंगाळला तर नवी बॅटरी टाकून उपयोग नाही, तीही उतरणारच. काही नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे आकडा थोडा खाली-वर होऊ शकतो.

बॅटरी पूर्ण भरलेली दिसते, पण सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळतो, तर ती आतून थकलेली आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी साधारण तीन-चार वर्षांत या अवस्थेला येते. थंडीत गाडी पहिल्यांदा दगा देत असली, तरी बॅटरीचं आयुष्य बऱ्याचदा आधीच्या उन्हाळ्याने खाल्लेलं असतं.

कोणत्या चुका महागात पडतात?

पहिली चूक म्हणजे इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून पाहणं. ‘गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला’, ही जुनी चाचणी काही गॅरेजमध्ये आजही होते. कॉम्प्युटर नसलेल्या गाड्यांत ती खपून जायची. आजच्या गाडीत वायर निघताक्षणी विजेचा दाब उसळतो आणि महागडे कंट्रोल युनिट जळू शकतात.

दुसरी चूक फ्यूजची. १० अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून २० किंवा ३० चा टाकला जातो. नाहीतर तार गुंडाळून काम भागवलं जातं. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. मोठा फ्यूज टाकला की फ्यूज वाचतो आणि वायर तापते. गाडीला आग लागायला एवढं पुरेसं असतं.

तिसरी चूक बाहेरची जोडकामं. जास्त वॅटचे दिवे, मोठा हॉर्न, रिव्हर्स कॅमेरा बसवताना मूळ वायर सोलून तिथे टेप गुंडाळला जातो. पावसाळ्यात त्याच जोडात पाणी शिरतं. शिवाय वायर कापलेली दिसली की वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

चौथी चूक जंप स्टार्टची. आधी लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. त्यानंतर काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि सगळ्यात शेवटी बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला. काढताना क्रम उलटा. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांसाठी पुस्तिका पाहिल्याशिवाय हे करूच नये. आणि त्यांच्या नारिंगी रंगाच्या केबलला तर हातच लावू नये, त्यात जिवावर बेतेल इतका दाब असतो.

चालत्या गाडीत वीज गेली तर?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे किंवा ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर खरा धोका इथे असतो. बंद पडलेल्या गाडीचे मागचे दिवेही बंद असतील तर मागून येणाऱ्याला ती दिसत नाही.

इंजिन बंद पडलं तरी ब्रेक लगेच जात नाहीत. साठलेल्या निर्वातामुळे ते एक-दोनदा नेहमीसारखे लागतात, नंतर खूप जोर लावावा लागतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नयेत, एकदाच दाबून धरावा. स्टिअरिंग जड होतं, पण फिरतं. चावीची गाडी असेल तर ती पूर्ण मागे फिरवून काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी, हॅझार्ड लाइट लागत असतील तर लावावेत आणि वेग असेपर्यंतच डावीकडे कडेला यावं. सगळ्यांनी रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे उभं राहावं आणि जमेल तितक्या मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही ११२ हा क्रमांक आहे.

आणि दारच उघडलं नाही तर?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२१ सालच्या टेस्ला मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली. सुमारे १ लाख ७४ हजार गाड्या तिच्या कक्षेत आल्या. बाहेरची इलेक्ट्रॉनिक हँडल अचानक काम करेनाशी झाली, अशा नऊ तक्रारी होत्या. त्यातल्या काहींमध्ये आई-वडील बाहेर आणि मूल आत अडकलं होतं. चार घटनांमध्ये काच फोडावी लागली. दारांच्या लॉकला पुरेशी वीज मिळत नसावी, असं प्राथमिक निरीक्षण होतं. पुन्हा तीच छोटी बॅटरी. या घटनेनंतर जगभर चर्चा वाढली. चीनने तर १ जानेवारी २०२७ पासून विजेशिवाय आतून-बाहेरून उघडता येईल अशी दारं सक्तीची करण्याचा नियम केला आहे.

महाराष्ट्राला हा धोका नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्येही काही जणांचा गुदमरून जीव गेला. पाणी वायरिंगमध्ये शिरलं की सेंट्रल लॉक आणि काचा दोन्ही निकामी होऊ शकतात. म्हणून पाणी चढायला लागलं की मोबाइल शोधण्याआधी सीटबेल्ट काढावा आणि वीज शिल्लक आहे तोवर काच खाली करावी. काच फोडायचा हातोडा डिकीत नाही, हाताशी ठेवावा आणि घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घालावा. समोरची काच थरांची असते, ती अशी फुटत नाही. आपल्या गाडीत आतून हाताने दार उघडायची कळ कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. काही गाड्यांत मागच्या सीटवर ती झाकणाखाली लपलेली असते.

दोष गाडीतच असेल तर?

जनरल मोटर्सचं प्रकरण इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१४ मध्ये या कंपनीला इग्निशन स्विचच्या दोषामुळे सुरुवातीला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जड कीचेन किंवा खड्ड्याच्या धक्क्याने स्विच ‘चालू’वरून घसरायचा. चालत्या गाडीचं इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि अपघात झालाच तर एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीनेच नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीतल्या काहींना या दोषाची कुणकुण दहा वर्षांहून आधीच लागली होती. गाड्या बंद पडल्याच्या तक्रारीही येत होत्या. पण ‘गाडी बंद पडते’ ही ग्राहकाची गैरसोय मानली गेली, सुरक्षेचा प्रश्न मानली गेली नाही.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश द्यायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर मालक परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवू शकतो. त्या मॉडेलची विक्री किती आणि तक्रारी किती, याचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की प्रक्रिया सुरू होते. कंपनीने स्वतःहून गाड्या बोलावल्या नाहीत आणि सरकारला आदेश द्यावा लागला, तर १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यातला कळीचा शब्द आहे ‘नोंदवलेली तक्रार’. बंद पडलेल्या गाडीची रील लाखभर लोक पाहतात, पण नियमाच्या हिशोबात ती शून्य धरली जाते. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर ‘चेक अप’ एवढ्यावर भागवू नये. जॉब कार्डवर लक्षण नेमकं लिहून घ्यावं: तारीख, किलोमीटर, वेग, कोणती चिन्हं पेटली. डॅशबोर्डचा फोटो काढावा. तोच दोष परत आला तर हेच कागद पुरावा ठरतात. मग पोर्टलवर तक्रार, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि गरज पडली तर ग्राहक आयोग, असा रस्ता आहे.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक काम करावं. कंपनीचं पत्र किंवा फोन बहुधा पहिल्या मालकाकडे जातो, पण दुरुस्ती चेसिस नंबरला लागू असते. तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला देऊन एखादी मोफत दुरुस्ती बाकी आहे का, हे विचारता येतं.

थोडक्यात, गाडीची वीज गेली की आधी टर्मिनल, मग बॅटरी, मग चार्जिंग, मग अर्थिंग आणि फ्यूज. या क्रमाने बहुतेक बिघाड सापडतात आणि तेही कमी खर्चात. एवढं करूनही गाडी चालता-चालता बंद पडत असेल, तर ‘आपलंच नशीब’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच मॉडेलचे असे आणखी किती जण गप्प बसलेत, हे पहिली तक्रार नोंदवली गेल्याशिवाय कळत नाही.